अंबिकेचा मास्तर

लातुरात औसा रोडच्या ज्या गल्लीत क्लासच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या आहेत, तिथली मन्मथ कोरे सरांची पाटी सगळ्यात जुनी. बाकीचे सगळे डॉक्टर-इंजिनियर घडवणारे, कॉमर्सवाले सर एकटेच. पतसंस्थांत, आडत दुकानांत, दोन-चार बँकांत त्यांची पोरं बसलेली. सर रस्त्यानं निघाले की कुणीतरी गाडी बाजूला घेऊन नमस्कार करायचंच. त्या नमस्काराची त्यांना सवय लागली होती. एखाद्या दिवशी कुणी भेटलं नाही तर घरी येऊन ते उगीच चहात साखर कमी आहे म्हणायचे.

अलीकडे तसे दिवस वाढले होते. पोरं मोबाईलवर शिकू लागली होती. सकाळची बॅच अर्धी झाली, संध्याकाळची चार-पाच पोरांवर आली.

त्यांची बायको अंबिका एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये हिशोबाला होती. तिथले मुख्य हिशोबनीस दगडोबा दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. मिलचे मालक संगमेशअण्णा एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले की नवं सॉफ्टवेअर आणि जीएसटीचे रिटर्न जो स्वतः हाताळील, त्याला दगडोबांची खुर्ची. कुणालाच जमलं नाही तर सोलापूरहून माणूस आणू. अंबिकेनं त्याच संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं आणि म्हणाली, मला कुठलातरी कोर्स करावा लागेल.

"कोर्स कशाला?" सर म्हणाले. "मी हाय की."

अंबिका ताटं घ्यायला उठली. लग्न झालं तेव्हा तिचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते सरांनीच तिच्याकडून करून घेतलं होतं. संध्याकाळी जेवणं झाली की ते तिला समोर बसवायचे. एक नोंद चुकली की खडू टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, मुळाक्षरंच कच्ची आहेत तुझी. ती पास झाली, पण त्यानंतर नवऱ्यासमोर तिनं कधी पुस्तक उघडलं नाही. शिवाय सर शिकवायचे ते फळ्यावर. नवं सॉफ्टवेअर त्यांनाही धड येत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग सरांनी दुसरी जबाबदारी घेतली. कोर्स निवडायची. ॲपवरचे फुकट नमुना-धडे पाहिले, फोन करून माहिती काढली, प्रत्येक ठिकाणच्या शिक्षकाला मनातल्या मनात मार्क दिले. शेवटी दोनच उरले. एक ‘स्किलशिखर’, परराज्यातल्या बड्या कंपनीचं. चकचकीत, हिंदी-इंग्रजीत बोलणारं. दुसरं ‘हिशोबशाळा’, नांदेडहून चालणारं, मराठीतलं. मिलमधल्या दोघीतिघी त्यावरच शिकत होत्या. अंबिकेच्या मनातही तेच होतं, आणि नेमकं तेच सरांना नको होतं, कारण हिशोबशाळा होती नागसेनची.

नागसेन सरांचाच विद्यार्थी. अर्धापूरकडच्या एका खेड्यातून लातूरला शिकायला आला, वर्गात पहिला आला, आणि सरांनी त्याला आपल्याच क्लासमध्ये शिकवायला ठेवून घेतलं. पाच-सहा वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. कितीदा तरी घरी जेवला. सर चारचौघांत आवर्जून सांगायचे, "नागसेनला मी माझ्या पंगतीला बसवतो. माझ्याकडं तसलं काही न्हाई." हे वाक्य एकदा नागसेनच्या देखतच बोलून झालं. त्यावर तो ताटाकडं बघत राहिला होता. त्यानंतर वर्षभरात तो क्लास सोडून नांदेडला गेला, आणि सर म्हणत राहिले की पोरगं उलटलं.

आता त्याच पोराची शाळा मोबाईलवर हजारो लोक बघत होते. सरांनी त्याचा नमुना-धडा बघितला तेव्हा पहिल्यांदा धडा किती चांगला आहे ते नाही पाहिलं, किती जणांनी बघितला तो आकडा पाहिला. मग धडा बघितला. नागसेन खुर्चीवर नीट बसून, हातात काही न घेता, गप्पा मारल्यासारखा शिकवत होता.

"उथळ हाय," सरांनी अंबिकेला सांगितलं. "तू स्किलशिखर घे." आणि तिच्या नावानं त्यांनी स्वतःच नोंदणी करून टाकली.

अंबिकेनं ते मन लावून केलं. मिलमधून आली की स्वयंपाक उरकून बसायची. पण तिथली शिकवणारी बाई घाईत बोलायची, उदाहरणं शेअर बाजाराची आणि विमान कंपन्यांची द्यायची. शंका विचारली की यंत्राचं उत्तर यायचं, तेही भलत्याच प्रश्नाचं. सर रोज विचारायचे, जमतंय ना? ती हो म्हणायची. दिवाळी जवळ येत चालली होती.

एका संध्याकाळी बॅचला कुणी आलंच नाही म्हणून सर लवकर घरी परतले. दारात चप्पल काढतानाच त्यांना स्वयंपाकघरातून पुरुषाचा आवाज ऐकू आला. कुकरच्या शिट्टीत तो बुडाला, पुन्हा वर आला, आणि सरांनी तो ओळखला. पाठोपाठ अंबिका हसली. असं मोकळं हसू त्यांनी घरात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

ते आत गेले. मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला, अंबिका कणीक मळत होती, आणि पडद्यावरच्या थेट वर्गातून नागसेन म्हणत होता, "अंबिकाताई, एकदम बरोबर. आता हीच नोंद उलटी करून दाखवा."

तिनं मोबाईल झाकला नाही की आवाज बंद केला नाही. एवढंच म्हणाली, "परवाच घेतला हा कोर्स. सांगणार होते तुम्हाला."

"माझ्या हाताखालचं पोरगं तुला शिकवून राहिलं," सर म्हणाले.

"मग चांगलंच झालं की. तुमचंच शिकवणं हाय."

हे ऐकून सरांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या दिवसापासून अंबिका अभ्यासाला बसली की ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसत आणि एक अक्षर न वाचता कान आत लावत. नागसेन तिचं नाव किती वेळा घेतो, ती काय विचारते, तो कसं समजावतो, सगळं ऐकत. ती चुकली की तो म्हणायचा, चालतंय, परत बघू. चुकली की चालतंय! सरांना वाटायचं, अशानं कुठं माणूस शिकतं का. पण ती शिकत होती. मग त्यांना त्रास होतो आहे हे ओळखून अंबिकेनं हेडफोन लावायला सुरुवात केली, आणि ते जास्त वाईट झालं. आता नुसती तिची मान हललेली दिसायची, मध्येच ओठांवर हसू यायचं. ते हसू कशाचं, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

एकदा हेडफोन चार्ज नव्हते म्हणून आवाज पुन्हा मोकळा आला. आधीच रेकॉर्ड केलेल्या धड्यात नागसेन डाळमिलचं उदाहरण देत होता. मिलनं तूर घेतली, तिची डाळ झाली. पण डाळीबरोबर चुनी निघाली, भुसा निघाला. जनावरांच्या खाद्याला चुनी विकली. ते पैसे कुठं धरायचे? डाळीच्या खर्चातून वजा करायचे की वेगळी कमाई दाखवायची?

सर पेपर टाकून उठले. हे उदाहरण ते स्वतः वर्षानुवर्षं देत आले होते. तुरीचं उदाहरण म्हणजे कोरे सर, असं पोरं म्हणायची.

"चोर हाय," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. "माझं उदाहरण हाय ते. नाव तरी घेतलं का त्यानं माझं?"

अंबिकेनं धडा थांबवला. हात पुसून ती ओट्याला टेकली.

"ते उदाहरण माझं हाय," ती म्हणाली.

सरांना आधी कळलंच नाही.

"मी मिलमध्ये नवीन लागले तेव्हा दगडोबांनी मला चुनीचा हिशोब विचारला होता. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते वर्गात घेतलं. नागसेन तेव्हा पहिल्या बाकावर असायचा." ती शांतपणे सांगत होती, भांडत नव्हती. "तुम्ही कधी माझं नाव घेतलं का? मला काही वाटलं न्हाई तेव्हा. आता तुम्ही त्याला चोर म्हणून राहिले म्हणून बोलले."

सर बाहेर येऊन बसले. आठवायचा प्रयत्न केला तर आठवत होतं. ती दारातूनच सांगत आली होती, पर्स खांद्याला तशीच. इतकी वर्षं हे उदाहरण आपल्याला सुचलं असंच ते धरून चालले होते. एवढं कळल्यावर राग जायला पाहिजे होता, पण त्यानं नुसती जागा बदलली. आपल्या घरातली गोष्ट आपण घेतली ते वेगळं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या रिकाम्या खोलीत बसून त्यांनी ‘एक सुज्ञ विद्यार्थी’ या नावानं हिशोबशाळेखाली अभिप्राय लिहिला. पाचपैकी एक तारा दिला. लिहिलं, मांडणी उथळ आहे, शिकवणाऱ्याला थट्टामस्करीचा सोस आहे, विद्यार्थ्यांची मुळाक्षरंच कच्ची राहतात. चौथ्या धड्यात मशीन विकत आणल्या दिवसापासून झिजेचा घसारा धरला आहे. मशीन बसवून चालू झाल्या दिवसापासून तो धरायचा असतो, एवढंही या शिक्षकाला ठाऊक नाही. शेवटचा मुद्दा खरा होता. आत कान लावून ऐकताना तो सापडला तेव्हा सरांना कितीतरी दिवसांनी बॅच गच्च भरल्यासारखं वाटलं होतं. पाठवून दिल्यावर ते दर थोड्या वेळानं मोबाईल उघडून बघत राहिले, कुणी वाचलं का, कुणी दुजोरा दिला का.

दुजोरा कुणी दिला नाही. पण त्या आठवड्याच्या थेट वर्गात नागसेननं तो अभिप्राय सगळ्यांना वाचून दाखवला. सर बाहेरच्या खोलीत होते. आज हेडफोन नव्हते.

"लिहिणाऱ्यानं मला एक तारा दिलाय," नागसेन म्हणाला, "पण घसाऱ्याचं त्यांचं म्हणणं बरोबर हाय. माझी चूक झाली. चौथा धडा मी परत करतो. तोवर तो बघू नका."

वर्ग संपला. आत भांड्यांचा आवाज झाला नाही, नळ सुटला नाही. मग अंबिका बाहेर आली आणि सरांसमोरच्या खुर्चीवर बसली.

"मुळाक्षरंच कच्ची," ती म्हणाली. "हे दुसरं कोण लिहील?"

सरांनी पेपर वर घेतला. तिनं हात लांब करून तो खाली केला. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"काढून टाका ते."

"चूक दाखवली मी. चूक होती का न्हाई?"

"होती. मग स्वतःच्या नावानं दाखवायची." ती थांबली. "तुम्हाला वाटतं मला त्याचं लई कौतुक हाय. तसं न्हाई हो. तो काही तुमच्याहून जास्त हुशार न्हाई. पण त्याच्यासमोर चुकले तर मला काही होत न्हाई. तुमच्यासमोर मी अजून बेरीज करायला घाबरते. संगमेशअण्णांना आकडे सांगते, सीएला सांगते. तुम्हाला न्हाई सांगवत."

एवढं बोलून ती आत गेली. सरांनी तिथंच बसून अभिप्राय काढून टाकला. ते काढणं अगदी सोपं निघालं, एक बटण दाबलं की झालं. पण तिचं बोलणं काही निघेना. त्यांना आठवत होता तो टेबलावर आपटलेला खडू, आणि खडू आपटल्यावर तिचे दचकलेले खांदे. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपण शिस्त लावतो आहोत.

कोर्सची शेवटची परीक्षा प्रत्यक्ष होती, नांदेडला, भाग्यनगरातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. अंबिका एकटी जाते म्हणाली. सर म्हणाले, मी येतो, एवढ्या लांब एकटी कशाला. अंबिकेनं ओळखलं की हे काळजीपोटी नाही, त्यांना बघायचं आहे. तरी ती या म्हणाली.

सकाळच्या एसटीनं ते निघाले. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचले. हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. किराणा दुकानदार, बचत गटाच्या बाया, हिमायतनगरहून आलेला एक खतविक्रेता, डोक्यावर टोपी घातलेले एक आजोबासुद्धा. सर दारातच थबकले. त्यांच्या क्लासला पोरं यायची ती आईबापांनी पाठवलेली. इथं माणसं स्वतः आली होती.

नागसेन पुढं आला. अंगानं भरला होता, चष्मा लागला होता. "नमस्कार सर," म्हणून तो वाकला. त्यानं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, बायकोशी ओळख करून दिली. समीक्षा तिचं नाव, परीक्षेचं सगळं तीच बघत होती. मग त्यानं माईक घेऊन सांगितलं, "हे कोरे सर. मी हिशोब यांच्याकडं शिकलो." टाळ्या झाल्या. सर उठले, हात जोडले, छाती भरून आली. पण बसता बसता त्यांनी पाहिलं, टाळ्या संपायच्या आत सगळ्यांचे चेहरे पुन्हा नागसेनकडं वळले होते. त्या खुर्चीत, मान मिळालेला असतानाच, त्यांना इतकं जळायला झालं की त्यांनी समोरच्या पाण्याची अख्खी बाटली संपवली.

परीक्षा चालू झाली. अंबिका दुसऱ्या रांगेत कॉम्प्युटरवर बसली होती. सर पहिल्या रांगेतून उठून मागं गेले आणि तिला तिथून बघत राहिले. एकदा ती चुकली असावी, कारण तिनं मान हलवली आणि काहीतरी पुसलं. खांदे दचकले नाहीत. पुसून ती पुढं गेली.

नागसेन सरांना चहाला बाहेर घेऊन आला. क्लासचं कसं चाललंय विचारलं नाही, त्याला माहीत असावं. म्हणाला, "चौथा धडा परत केलाय सर. तुम्ही एकदा बघा. बरोबर झालाय का सांगा."

सरांनी कपातून नजर वर काढली नाही. नागसेन पुढं म्हणाला की नव्या माणसांना पायापासून शिकवायचे धडे करायचे आहेत, नावे-जमा कशाला म्हणतात तिथपासून. त्याला स्वतःला ते तितकं जमत नाही. सरांनी केले तर बरं होईल.

"बघू," सर म्हणाले. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा असतो, हे नागसेन पाच-सहा वर्षं ऐकून होता. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मग इतका वेळ टाळलेलं सरांनी विचारलं. "तुला घरी जेवायला बसवतो म्हणून मी लोकांना सांगायचो," ते म्हणाले. "ते तुला आवडत नव्हतं का?"

नागसेननं कप खाली ठेवला. "जेवण आवडायचं सर," तो म्हणाला. "सांगणं न्हाई."

सरांनी चहाचे पैसे दिले. दोघं आत गेले.

अंबिका पास झाली, हॉलमध्ये तिसरी आली. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि लोहा यायच्या आत डोळे मिटून घेतले. सरांनी तिचा मोबाईल आणि हेडफोन घेतले आणि चौथा धडा लावला. ते चूक शोधायला बसले होते, हे त्यांचं त्यांना स्वच्छ कळत होतं. धडा संपला, चूक सापडली नाही. मशीन कधी आणलं, कधी बसवलं, घसारा कधीपासून, सगळं चोख. त्यांनी पाचवा लावला. त्यात मध्येच एका कोष्टकाची बेरीज चुकलेली दिसली. अगदी किरकोळ, शंभराच्या घरातली. सरांना इतका आनंद झाला की शेजारच्या माणसानं त्यांच्याकडं वळून बघितलं. अहमदपूरपर्यंत त्यांनी तो आनंद पुरवून पुरवून घेतला. मग नागसेनला निरोप लिहिला, पाचव्या धड्यात बेरीज बघ. खाली आपलं पूर्ण नाव घातलं, मन्मथ शरणप्पा कोरे.

उत्तर लगेच आलं. दुरुस्त करतो सर. सहावा पण बघाल का?

दिवाळीनंतर अंबिका दगडोबांच्या खुर्चीवर बसली. संगमेशअण्णांनी तिचं टेबल खिडकीजवळ हलवून दिलं, आणि आडतीवरची माणसं चुकला आकडा विचारायला तिच्याकडं येऊ लागली. एकदा मार्केट यार्डात एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याला सरांची ओळख करून दिली, "हे आपल्या अंबिका मॅडमचे मिस्टर." सर हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांना टोचत राहिलं. अंबिकेला सांगितलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास, सकाळची बॅच बंद झाल्यावर, त्यांनी नागसेनला स्वतःहून फोन केला. नमुन्याचा एक धडा घरीच करायचा ठरलं. मागं फळा, समोर अंबिका मोबाईल धरून. सर नावे-जमा सांगायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला तिनं हात वर केला.

"आवाज थोडा खाली," ती म्हणाली. "माणूस घाबरतंय."

सरांच्या हातात खडू होता. कपाळावर शीर आली, खडूवरची मूठ घट्ट झाली. मग त्यांनी तो फळ्याच्या कडेला ठेवून दिला, रिकामे हात कुठं ठेवावेत ते न कळून मागं बांधले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तुरीच्या उदाहरणापाशी आल्यावर ते अडखळले.

"हे उदाहरण," ते मोबाईलकडं बघत म्हणाले, "आमच्या मंडळींनी मला सांगितलेलं हाय."

"नाव घ्या," मोबाईलमागून अंबिका म्हणाली.

त्यांनी नाव घेतलं. धडा झाला, नांदेडला गेला, हिशोबशाळेवर लागला. तो किती जणांनी बघितला हे सर आता रोज सकाळी बघतात. त्यानंतर नागसेनच्या धड्याचा आकडा बघतात. तो अजूनही कितीतरी मोठा आहे, आणि चहात साखर अजूनही अधूनमधून कमीच असते.